रिमोटवर 18 का येतो?

(पणजीत कचेऱ्यांची देखभाल पाहणाऱ्या मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

कचेरीचं विजेचं बिल फुगलं की परिपत्रक निघतं: एसी 24 वर ठेवावा. चार दिवस ते पाळलं जातं. पाचव्या दिवशी कुणीतरी रिमोट उचलतो आणि आकडा पुन्हा 18 वर जातो. याला बेशिस्त म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर ती तक्रार असते, आणि गोव्यात ती बहुतेक वेळा तापमानाची नसते.

माणसाला गार वाटतं की उकडतं, हे सहा गोष्टींवर ठरतं, असं डेन्मार्कचे संशोधक फँगर यांनी 1970 मध्ये मांडलं: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-काचांचं तापमान, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि कामातली हालचाल. रिमोटवर यांतली पहिलीच गोष्ट सहज बदलता येते, म्हणून बाकी पाचांचा राग तिच्यावर निघतो. सगळं जमवून आणलं तरी शंभरातली पाच माणसं नाराज राहणारच, हेही त्याच गणितातून निघतं. तेव्हा एकही तक्रार नको असा हट्ट धरू नका.

आता आपला पावसाळा घ्या. एसी निवडलेला असतो मे महिन्याच्या उन्हाच्या हिशेबाने. जुलैत ऊन नाही, पण हवेत पाणी मुबलक. दीड टनाचं यंत्र खोली झटक्यात 24 वर आणतं आणि कॉम्प्रेसर बंद होतो. ओल काढायला कॉइल, म्हणजे एसीतली गार नळ्यांची जाळी, बराच वेळ गार राहावी लागते, तो वेळच मिळत नाही. वर एसीच्या आतला पंखा चालूच राहिला तर कॉइलवर जमलेलं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं. मग पारा 24 दाखवतो आणि सदरा पाठीला चिकटतो. माणूस आकडा 20 करतो, 18 करतो. खोली गार होते, पण गार आणि ओली. कपाटामागे बुरशी धरते, फायलींना कुबट वास येतो, आणि एसीखाली बसलेल्या बाई शाल घेतात. अशा दिवसांत ‘ड्राय’ मोड लावावा आणि एसीच्या पंख्याचा वेग कमी ठेवावा. पुढचा एसी घेताना टन वाढवण्याआधी उष्णतेचा भार मोजून घ्यावा. जास्त टनाचा एसी इथे फायद्याचा नसतो.

कुबट वास आला की खिडकी किलकिली करतात. तिची किंमत आकड्यात पाहू. बाहेर 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रता, आत 24 अंश आणि 55 टक्के. फटीतून सेकंदाला 50 लिटर हवा आली, तर तासाला सुमारे दोन लिटर पाणी वाफेच्या रूपात आत येतं. ते काढायला साधारण 1.4 किलोवॅट इतकी गारवा-क्षमता खर्ची पडते, म्हणजे दीड टनाच्या एसीचा चौथा हिस्सा. पायरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी उघडं ठेवलेलं दार याहून वाईट. दाराला आपोआप मिटणारी कडी-स्प्रिंग बसवणं हे मला शंभर सूचनाफलकांपेक्षा उपयोगाचं वाटतं.

आणि पंखे. छताखाली फॉल्स सीलिंग आलं की पंखे उतरवतात. इथेच मोठी चूक होते. अंगावरून सेकंदाला 0.8 मीटर वेगाने वारा गेला तर दोन-अडीच अंश जास्त तापमानही सुखाचं वाटतं. याहून वेग वाढला की टेबलावरचे कागद उडू लागतात, आणि पेपरवेट हल्ली कुणाकडे नसतात. हिशेब करा: पाच एसी, प्रत्येकी सरासरी 1 किलोवॅट, आठ तास, म्हणजे 40 युनिट. एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. 22 वरून 26 वर गेलात तर नऊ-साडेनऊ युनिट वाचतात. त्यासाठी 30 वॅटचे दहा बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आठ तास चालवले तर 2.4 युनिट जातात. छत बुटकं असेल, पाती जमिनीपासून आठ फुटांहून खाली येत असतील, तर भिंतीवरचे पंखे लावा. पंखा खोली गार करत नाही, माणसाला करतो. म्हणून रिकाम्या खुर्चीवरचा पंखा बंद झालाच पाहिजे.

एसीच्या झोताखाली बसलेला माणूस जाळीवर पुठ्ठा चिकटवतो. हे सगळीकडे दिसतं. पुठ्ठ्याने हवा अडली की कॉइलवर बर्फ धरतो, पाणी गळतं आणि बाकीची खोली उकडते. पुठ्ठा काढण्याआधी एसीच्या झोताची पाती वळवा, नाही जमलं तर टेबल हलवा.

पश्चिमेच्या काचेचंही तसंच. दुपारी तीनला संगणकाच्या पडद्यावर चकाकी आली म्हणून ब्लाइंड खाली येतात, ते आठवडाभर खालीच, आणि भर दिवसा दिवे लागलेले. आतल्या ब्लाइंडने चकाकी जाते, उष्णता फारशी नाही. ती काच ओलांडून आत आलेलीच असते. आपल्या जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांतून उजेड झिरपायचा आणि रुंद ओसरी ऊन बाहेरच थोपवायची. नव्या इमारतीला निदान बाहेरून छज्जा तरी द्या.

हालचाल दिसली नाही की दिवे विझवणारे सेन्सर पाच मिनिटांवर लावू नका. स्थिर बसलेल्या लेखापालावर अंधार पडला की तो सेन्सर टेपने बंद करतो. पंधरा मिनिटं ठेवा.

परिपत्रकाऐवजी हे करा. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा साधा डिजिटल मापक घ्या. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, म्हणजे 1.1 मीटरवर, झोत आणि ऊन यांपासून दूर ठेवा. आठवडाभर सकाळी अकराला आणि दुपारी तीनला नोंद करा. शेजारी कोण काय म्हणालं तेही लिहा. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर असेल तर रिमोटवरचा आकडा बदलू नका. दारं, फटी, पाण्याची निचरा-नळी आणि एसीच्या पंख्याचा वेग तपासा. आर्द्रता ठीक आणि एकाच टेबलाची कुरकुर असेल तर दोष झोताचा किंवा तापलेल्या काचेचा. शेवटी रिमोटची मर्यादा 23 ते 27 अशी बांधून द्या, ही सोय बऱ्याच यंत्रांत असते. पण रिमोट साहेबांच्या कपाटात कुलूपबंद करू नका. माणसं मग मेन स्विचशी खेळतात.