पुस्तकात रेघोट्या मारू नयेत

(पुण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी माझी ओळख ‘ग्रंथपाल’ अशी करून दिली. तेवढं काही खरं नाही. मी एकतीस वर्षं देवघेवीच्या खिडकीत बसले. पुस्तक घ्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा, उशीर झाला असेल तर दंड सांगायचा. पुणेरी वाचक दंड भरतो, पण तो मुळात का चुकीचा आहे हे आधी समजावून सांगतो.

खिडकीच्या वर पाटी होती : ‘पुस्तकात रेघोट्या मारू नयेत.’ ती सगळे वाचायचे आणि घरी जाऊन रेघोट्या मारायचे. परत आलेलं पुस्तक चाळून पेन्सिलीच्या खुणा पुसणं हेही माझंच काम. त्यामुळे कादंबऱ्यांतल्या लक्षात राहणाऱ्या वाक्यांवर बोला असं सांगितलं, तेव्हा मला समीक्षा वगैरे काही सुचली नाही. खोडरबराचा चुरा आठवला.

सगळ्यात जास्त चुरा ‘ययाति’चा. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ची, तिला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. आमच्या प्रतीत काही पानं अशी होती की रेघ नसलेलं वाक्य शोधावं लागे. विचार सुभाषितासारखा बांधून द्यायची खांडेकरांना सवय होती आणि आपल्याला सवय शाळेच्या फळ्यावरच्या सुविचाराची. दोघांचं छान जमलं. माझीही वही होती. परवा काढली. अक्षर माझं, वाक्यं देखणी. पण यातलं कुठलं ययातीचं, कुठलं देवयानीचं, कुठलं शर्मिष्ठेचं, काही केल्या आठवेना. तिघंही आपापल्या तोंडानं बोलतात त्या कादंबरीत. वाक्य उतरवून घेताना मी बोलणारं माणूस तिथेच ठेवून आले होते.

‘कोसला’चं उलट. त्या प्रतीला खोडरबर लागलाच नाही म्हटलं तरी चालेल. नेमाड्यांची कादंबरी, १९६३ साली देशमुख आणि कंपनीनं इथूनच, पुण्यातून, प्रसिद्ध केलेली. तिची सुरुवात तुम्ही माझ्याआधी म्हणाल. ‘मी, पांडुरंग सांगवीकर, आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ बघा, मागच्या रांगेतून आलाच आवाज. आता यात विचार कुठला? शाळेच्या फळ्यावर लिहिलं तर मुख्याध्यापक बोलावून घेतील. सगळी गंमत त्या ‘उदाहरणार्थ’मध्ये आहे. वय हे कशाचं उदाहरण? पण स्वतःकडेसुद्धा कसलंतरी उदाहरण म्हणून बघणारा पोरगा त्या एका शब्दात समोर येऊन उभा राहतो. बाहेरगावाहून शिकायला आलेली, होस्टेलवर राहणारी मुलं हे पुस्तक परत करायला यायची आणि खिडकीत विचारायची, ‘मॅडम, दंड उदाहरणार्थ किती?’ माझा संताप व्हायचा. रेघ पुस्तकात नव्हती, पोरांच्या जिभेवर होती. ती मी कशानं पुसणार? पांडुरंगाचा दुसरा लाडका शब्द ‘वगैरे’. थोड्या दिवसांनी घरचे म्हणायला लागले, तू हल्ली फार ‘वगैरे’ म्हणतेस.

परभाषेतल्या कादंबऱ्यांचं फार बोलत नाही. ‘ॲना कॅरेनिना’तलं सुखी आणि दुःखी कुटुंबांचं पहिलं वाक्य, ज्यांनी दुसरं पानही उलटलेलं नाही तेही ऐकवतात. पण काम्यूपाशी थांबायला हवं. ‘द आउटसायडर’, मूळ फ्रेंच, १९४२. नायक सुरुवातीलाच सांगतो : आज आई गेली, किंवा कदाचित काल, मला माहीत नाही. वृद्धाश्रमातून तार आलीय आणि तारेवरून नेमका दिवस कळत नाही, एवढंच. आता मी हे मराठीत ‘गेली’ म्हणून सांगितलं आणि तिथेच चुकले. ‘गेली’ म्हणताना आपला आवाज आपोआप खाली येतो. या माणसाचा आवाज खाली आलेला नाही. ‘वारली’ म्हणावं तर वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा वास येतो. ‘मेली’ म्हणावं तर आईसाठी तो शब्द जीभ उच्चारत नाही; आपल्याकडे ती शिवी आहे. आणि फ्रेंचमध्ये क्रियापद कोरडंठाक, पण आईसाठीचा शब्द मात्र लहान मुलाच्या तोंडचा. ‘मेली’ आणि ‘गेली’ यांच्या मधलं काहीतरी हवं, ते मला अजून सापडलेलं नाही. माझी आई गेली त्या रात्री मी नातेवाइकांना एकेक फोन करत होते. प्रत्येकाला ‘आई गेली’ म्हणत होते आणि प्रत्येक वेळी मला हे वाक्य आठवत होतं. लाज वाटली. पण आठवत होतं.

आणखी एक. वाचक वाक्य जसंच्या तसं ठेवतोच असं नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. गड तर रविवारी भजी खायला जाण्याइतका जवळ. सभासद बखरीत तानाजी पडल्याचं कळल्यावर महाराज म्हणतात ते असं : ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ तानाजी हाच गड! मला विचाराल तर हे जास्त मोठं आहे. पण लोकांना सिंह हवा होता. हरिभाऊ आपट्यांनी सिंहाचंच वाक्य कादंबरीला नाव म्हणून दिलं, मग तर ते पक्कंच झालं.

हरिभाऊंच्या दुसऱ्या एका कादंबरीचं नावही असंच बोलण्यात शिरलंय. त्यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की एक गृहस्थ हमखास हात झटकून म्हणतात, ‘पण लक्षात कोण घेतो?’ आपण कादंबरीचं नाव घेतोय याचा त्यांना पत्ता नाही. गोष्ट यमूची, तिनंच सांगितलेली. माहेर, सासर, मुंबईत नवऱ्याबरोबर काढलेले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य, आणि सासरी शंकरमामंजींनी जबरदस्तीनं करवलेलं केशवपन. तो भाग वाचल्यापासून टाकीसाठी हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी या कादंबरीची एक जुनी प्रत खिडकीत परत आली. आत कुठेही रेघ नव्हती. फक्त नाव छापलेल्या पहिल्या पानावर, नावाच्या खाली, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘मी घेते.’

मी नवीन होते. पाटी डोक्यावरच होती. खोडरबर घेतला आणि पुसून टाकलं. कार्डावर शेवटचं नाव कुणाचं होतं, तेही पाहिलं नाही.