नव्या पदवीला मानांकन नसते तेव्हा

(वडोदऱ्याच्या दांडिया बाजार परिसरात बारावीचे विद्यार्थी व पालक यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, प्रवेशाच्या दिवसांत पालक एक प्रश्न हमखास विचारतात. एखाद्या महाविद्यालयात रोबोटिक्सची किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी शाखा निघाली आहे, पण तिला एनबीएचे, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, दर्जाचे मानांकन नाही; मुलीला तिथे घालावे का? प्रश्न रास्त आहे, मात्र त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट पदवी देण्याच्या अधिकाराची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यानुसार हा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे (म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था) आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. तो नसेल तर इमारत कितीही देखणी असो, तिथून परत फिरावे. संलग्न महाविद्यालयाला याखेरीज अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते, आणि ती नेमक्या त्याच शाखेला आहे याची खात्री करून घ्यावी. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाने स्वतः अभ्यासक्रम सुरू करताना परिषदेची पूर्वपरवानगी आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली भारतिदासन विद्यापीठाच्या प्रकरणात दिला. त्यामुळे तेवढ्या एका कागदाच्या अभावी अशा विद्यापीठाची पदवी बनावट ठरत नाही.

मानांकन ही दुसरी गोष्ट. उच्च शिक्षणाचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते, तर १९९४ साली स्थापन झालेली एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे करते, आणि त्यासाठी त्या अभ्यासक्रमाच्या किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. आपल्याच शहरातले उदाहरण घ्या. आजचे गतिशक्ती विश्वविद्यालय २०१८ साली राष्ट्रीय रेल व परिवहन संस्था म्हणून सुरू झाले आणि तिथे रेल्वे अभियांत्रिकीच्या बी.टेक. पदव्या २०२० साली आल्या. चार वर्षांचा हिशेब केला तर पहिली तुकडी २०२४ साली आणि दुसरी २०२५ साली बाहेर पडते. तोपर्यंत तिथे कितीही उत्तम शिकवले तरी मानांकनासाठी लागणारी ही अट पुरी होणे शक्यच नव्हते. म्हणून नव्या पदवीला मानांकन नाही एवढ्यावरून ती वाईट आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन हे तांत्रिक शिक्षणाचे विद्यालय उभे केले, त्या गावाने तरी नव्या तांत्रिक शिक्षणाकडे केवळ ते नवे आहे म्हणून संशयाने पाहू नये. परंतु दहा-बारा वर्षे चालत आलेल्या शाखेला मानांकन नसेल, तर मात्र कारण विचारलेच पाहिजे, आणि उत्तर लेखी मागितले पाहिजे.

मानांकन नसल्याने तोटा काय होतो, हे मुलाच्या पुढच्या वाटेवर अवलंबून आहे. १९८९च्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली स्थायी सदस्य झाला. त्या कराराखालील देश एकमेकांच्या मानांकित अभियांत्रिकी पदव्यांना समतुल्य मानतात. आपल्याकडे हा लाभ एनबीएच्या टियर-१ गटातील, म्हणजे विद्यापीठे व स्वायत्त संस्था यांच्यासाठीच्या, मानांकनालाच आहे, हे पुष्कळ महाविद्यालये सांगत नाहीत. ज्याला परदेशात स्थापत्य अभियंता म्हणून परवाना घेऊन आराखड्यांवर सही करायची आहे, त्याला मानांकन नसलेली पदवी पुढे फार जड जाते. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्याला बहुधा असा परवाना लागत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा मुद्दा बराच हलका होतो.

मग पुराव्याच्या जागी काय पाहायचे? माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा म्हणजे त्याच संस्थेच्या जुन्या शाखा. यंत्र, विद्युत आणि संगणक या शाखांना मानांकन मिळवलेली आणि टिकवलेली संस्था नवी शाखाही जबाबदारीने चालवील, असे मानायला आधार असतो. एनबीएच्या संकेतस्थळावर मानांकित अभ्यासक्रमांची नावे असतात. 'एनबीए मानांकित महाविद्यालय' हा फलक वाचून न थांबता कोणती शाखा आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे तिथे पाहावे. त्यानंतर शिक्षक. तंत्रशिक्षण परिषदेचे प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे आहे, पण नव्या शाखेत संख्येपेक्षा त्यांनी तो विषय स्वतः कुठे शिकला हे महत्त्वाचे, कारण दुसऱ्या विभागातली माणसे नावापुरती इकडे दाखवली जाण्याचा धोका इथे अधिक असतो. प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी. तिसऱ्या वर्षाची यंत्रे 'पुढे येणार आहेत' असे कोणी म्हणाले, तर खरेदीचा आदेश निघाला आहे का, हे संकोच न करता विचारावे.

एवढे पाहूनही मन द्विधा राहिले, तर एक मधला मार्ग आहे आणि पालकांना तो फारसा ठाऊक नसतो. परिषदेच्या २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक.साठी १६० श्रेयांक (क्रेडिट) धरले आहेत आणि त्यावर २० श्रेयांक अधिक घेऊन दुसऱ्या विषयात मायनर, म्हणजे जोडीची दुय्यम, पदवी घेण्याची सोय सुचवली आहे. मानांकित यंत्र शाखेत प्रवेश घेऊन रोबोटिक्समध्ये मायनर करता येत असेल, तर नव्या विषयाची ओढही भागते आणि मुख्य पदवीचे मानांकनही हाती राहते. मात्र ही सोय ते महाविद्यालय खरोखर देते का आणि ती कोणत्या सत्रापासून मिळते, हे जागा निश्चित करण्याआधी विभागप्रमुखांना विचारून घ्यावे.