माडीवरची माशांची टाकी आणि वाड्याच्या कड्या

श्रोतेहो, नमस्कार. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव अशा पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये आजही अनेक कुटुंबे वाड्यांच्या माडीवर राहतात, आणि त्यांपैकी काही घरांत माशांची मोठी काचेची टाकी ठेवण्याची हौस असते. ही हौस सोडून द्यावी असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र टाकी विकत घेण्याआधी तिच्याखालचे लाकूड समजून घ्यावे, एवढा माझा आग्रह आहे.

प्रथम वजन पाहू. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीचे आकारमान नऊ घनफूट, म्हणजे सुमारे 255 लिटर होते. वरचे दोन इंच रिकामे सोडले आणि तळाच्या खडीने व्यापलेली जागा वजा केली, तरी 210 लिटर पाणी, म्हणजेच 210 किलो वजन, उरते. त्यात दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे सुमारे 50 किलो, खडीचे 40 ते 45 किलो आणि स्टँडचे तेवढेच वजन मिळवले, की एकूण भार साडेतीनशे किलोंच्या घरात जातो, आणि तो सगळा अवघ्या सहा चौरस फुटांवर येतो. इमारतींवर किती भार धरावा हे सांगणाऱ्या भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी माणसे आणि सामान यांचा भार चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो, धरलेला आहे. टाकीखालच्या जागेवर तो त्याच्या तिप्पट होतो.

हा आकडा ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण तो नियम संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भारासाठी आहे. सणावाराला पंधरा-वीस माणसे माडीवर जमतात, तेव्हा टाकीपेक्षा कितीतरी अधिक वजन तेथे येते आणि माडी ते सहन करते. पण माणसे संध्याकाळी घरी जातात, टाकी मात्र वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहते. कायमच्या भाराखाली लाकूड सावकाश वाकत राहते, आणि पावसाळ्यात ओल धरून उन्हाळ्यात पुन्हा सुकणाऱ्या लाकडात हे वाकणे अधिक वाढते. शिवाय जुन्या माडीच्या कड्यांवर, म्हणजे माडी पेलणाऱ्या आडव्या लाकडांवर, फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि काही ठिकाणी त्यावर नंतर बसवलेली शहाबादी फरशी असते. चार इंच माती आणि फरशी यांचेच वजन चौरस मीटरला दोनशे किलोंच्या वर जाते, म्हणजे कड्या मोकळ्या नाहीतच. त्या आधीपासून ओझे वाहत आहेत.

म्हणून टाकी किती जड आहे यापेक्षा ती कोठे ठेवली आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दहा फुटांच्या कडीच्या मधोमध वजन ठेवले तर तिला वाकवणारा जोर सर्वाधिक असतो. तेच वजन टेकूपासून एक फुटावर आणले, तर तो जोर जवळजवळ एकतृतीयांश होतो. मात्र भिंतीलगतची प्रत्येक जागा सुरक्षित असते, हा समज चुकीचा आहे. ज्या भिंतीवर किंवा तुळईवर, म्हणजे कड्या पेलणाऱ्या जाड मुख्य लाकडावर, कड्यांची टोके टेकलेली आहेत, तीच भिंत उपयोगाची. कड्यांना समांतर जाणाऱ्या भिंतीलगत टाकी ठेवली, तर सगळा भार एका किंवा दोन कड्यांवर पडतो. तीच टाकी कड्यांना आडवी ठेवली, तर तीन-चार कड्या तो वाटून घेतात. बहुतेक वाड्यांत भार तुळयांवरून खांबांकडे जातो आणि खांबांमधल्या भिंती केवळ भरावाच्या असतात, त्यामुळे खांबाजवळची, तुळईवरची जागा सर्वांत चांगली. कड्यांची दिशा खालच्या मजल्यावरून तक्तपोशीकडे पाहिले की लगेच कळते.

आता टोकांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण बिघाड बहुधा तेथेच लपलेला असतो. भिंतीत गाडलेल्या टोकाला हवा लागत नाही, वरच्या गळक्या पन्हळीचे पाणी भिंतीत मुरते, आणि मधला भाग ठणठणीत सागवानी दिसत असतानाही आतले टोक कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले असू शकते. टाकी टोकाजवळ आणल्याने वाकवणारा जोर कमी होतो, पण टोकावरचा दाब वाढतो, हे विसरू नये. तेथे लाकडावर हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत शिरला, तर त्या जागेचा विचार सोडून द्यावा. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांमधील ज्या वाड्यांत पाणी शिरले, तेथे खांबांचे पायथेही तितक्याच काळजीने तपासून घ्यावेत. ही तपासणी जाणत्या सुताराबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनही करून घ्यावी. टाकीच्या किमतीपुढे हा खर्च मला अनाठायी वाटत नाही.

आधार कमी पडत असेल, तर खालच्या मजल्यावर कड्यांखाली आडवी तुळई देऊन ती दोन खांबांवर पेलता येते. हे खांब नुसत्या फरशीवर उभे करू नयेत. खाली पक्का पाया हवा, आणि खाली राहणाऱ्यांची व घरमालकाची संमतीही हवी. स्टँडखाली जाड प्लायवूड टाकल्याने पायांचा दाब फळ्यांवर पसरतो, पण त्यामुळे कड्यांची ताकद वाढत नाही. जुन्या माडीला उतार असतोच, तेव्हा पाचर स्टँडच्या खाली द्यावी, टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये कधीही देऊ नये. तसे केल्यास काचेला पीळ बसतो आणि सिलिकॉनचे सांधे उघडतात.

पाणी एकदम भरू नये. चतुर्थांश भरून एक दिवस थांबावे आणि मग चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे, कारण समतल दाखवण्यासाठी टाकीतल्या पाण्याइतके खात्रीचे साधन दुसरे नाही. पूर्ण भरल्यावर पहिले काही आठवडे आणि पुढे दर पावसाळ्यानंतर हेच मोजमाप घ्यावे. कोपऱ्यांमधला फरक वाढत असल्याचे दिसले, तर आधी पाणी निम्म्यावर आणावे आणि नंतर इंजिनिअरला बोलवावे.