हृदयाची अर्ध्या सेकंदाची विश्रांती

श्रोतेहो, नमस्कार.

विषयाला हात घालण्याआधी तुम्हाला एक छोटंसं काम सांगते. हात मोकळे असतील तर डावा हात तळवा वर करून मांडीवर ठेवा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेजवळ उजव्या हाताची दोन बोटं अलगद टेकवा. अंगठ्याने चाचपू नका, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते आणि ती फसवते. लागली नाडी? नसेल लागली तर बोटं थोडी सरकवा, जोर लावू नका. लागली की बोटं तिथेच राहू द्या. मी बोलत राहते.

तुमच्या बोटाखाली ठोका लागतोय, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये एक रिकामी जागा आहे. आज मला बोलायचंय ते त्या रिकाम्या जागेबद्दल.

मिनिटाला ७५ ठोके पडत असतील, तर एका ठोक्याचा पूर्ण फेरा होतो ०.८ सेकंदाचा. त्यातले साधारण ०.३ सेकंद हृदय आकुंचन पावतं, रक्त बाहेर ढकलतं. उरलेला अर्धा सेकंद ते सैल पडतं आणि पुन्हा भरतं. हृदय अविश्रांत काम करतं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरं पाहिलं तर दिवसाच्या २४ तासांतले सुमारे १५ तास ते विसावलेलं असतं, फक्त अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यांत.

हा विसावा इतका मोलाचा का? साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या धमन्या हृदयाच्या भिंतीतूनच जातात. हृदय आवळलं की त्या धमन्याही आवळल्या जातात. त्यामुळे हृदयाच्या डाव्या बाजूला, जी सगळ्यात जास्त कष्ट करते, तिला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल असताना. म्हणजे हृदय जेवतं ते विश्रांतीच्या वेळी. आणि ठोके वाढले की सगळ्यात आधी कापली जाते ती हीच वेळ. आवळण्याचा वेळ थोडाच कमी होतो, विसाव्याचा खूप.

माझ्याकडे येणाऱ्या माणसांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग चालताना, धावताना ठोके वाढतात, ते वाईट का?’ प्रश्न अगदी रास्त आहे. निरोगी माणसाच्या हृदयाच्या धमन्या व्यायामाच्या वेळी रुंदावतात आणि भरपूर रक्त आणतात. शिवाय काही आठवडे नेमाने चाललं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि बसल्या वेळचे ठोके कमी होतात. समजा ७५ चे ६८ झाले. दिवसाचा हिशेब केला तर दहा हजार ठोके वाचले. अर्धा तास चालण्याच्या बदल्यात उरलेले साडेतेवीस तास हृदयाला निवांतपणा मिळाला.

इथे मला लंडनच्या बसची गोष्ट सांगायलाच हवी. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वरखाली करणारा. दोघांची नोकरी एकाच ठिकाणी. पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला, आणि ज्यांना झाला त्यांना उशिरा आणि सौम्य. मग शंका आली की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील. मॉरिस यांनी ती शंका झटकून टाकली नाही. गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापं मिळवली आणि १९५६ मध्ये तीही मांडली. ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या होत्या हे खरं निघालं, पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर यांच्यातही फरक उरलाच. मला हा अभ्यास फार आवडतो. त्या कंडक्टरांपैकी कुणी व्यायाम म्हणून जिना चढत नव्हतं, ते तिकिटं देत होते.

म्हणून चालण्याला मी ‘व्यायाम’ म्हणायचं टाळते. त्या शब्दाने माणसं दडपतात. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालायचं. ती मिनिटं दहा-दहाच्या तुकड्यांत केली तरी चालतात. ज्यांच्या छातीत चालताना दुखतं किंवा थोड्या श्रमाने धाप लागते, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना दाखवायचं, मग वेग वाढवायचा.

आता रक्तदाब. त्यात दोन आकडे असतात. वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा दाब, खालचा आकडा त्या विसाव्याच्या वेळचा. दाब वाढलेला असला की प्रत्येक ठोक्याला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं तसं चाललं की हृदयाची भिंत जाड आणि ताठर होते, आणि ते नीट सैलच पडत नाही. आणि हे सगळं होताना बहुतेकांना काहीही जाणवत नाही. ‘मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी जीव तुटतो. त्रास नसणं हाच या आजाराचा स्वभाव आहे. बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, एवढं हात जोडून सांगते.

दाब मोजायचाही एक रिवाज आहे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीवर. पट्टा फुगत असताना बोलायचं नाही, बोलण्यानेही आकडा चढतो. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब.

मिठाचं थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. त्यात बंद पाकिटातल्या खाण्यातलं मीठही आलं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा, मीठ मिळेल.

तंबाखूबद्दल मी कुणाला रागावत नाही, कारण ते व्यसन किती चिवट असतं हे मी जवळून पाहिलंय. फक्त निकोटिन काय करतं ते सांगते: ठोके वाढवतं आणि धमन्या आक्रसवतं. म्हणजे हृदयाची जेवणाची वेळही कमी, आणि वाढणारा हातही आखडलेला. सिगारेट सोडली की २० मिनिटांत ठोके उतरू लागतात. वर्षभरात तिच्यामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका निम्म्यावर येतो. सोडून पुन्हा धरली असेल तर पुन्हा सोडा. अनेकांना पाचव्या-सहाव्या प्रयत्नात जमतं.

झोपेतही नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. मोठ्या घोरण्यासोबत मधेच श्वास थांबत असेल, दिवसा डोळे मिटत असतील, तर हा उतार नीट होत नाही. घोरणाऱ्याला हे कळत नाही, ते शेजारी झोपणाऱ्याने सांगायचं.

बोटं अजून मनगटावर आहेत ना? मग आता सावकाश श्वास घ्या. आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित जवळ आले आणि सोडताना लांबले, असं अनेकांना जाणवेल, तरुणांना जास्त. ताणाच्या क्षणी लांब उच्छ्वास मदत करतो तो यामुळेच.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना ऐकू द्या, हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणं. छातीत दाब, आवळल्यासारखं, काही मिनिटं न थांबणारं. ते हातात, जबड्यात, पाठीत पसरणारं. थंड घाम, धाप, मळमळ. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत फारसं न दुखताही नुसती धाप किंवा विलक्षण थकवा असू शकतो. ‘गॅस असेल, सकाळी बघू’ म्हणू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. बंद पडलेल्या धमनीमागचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो.

उद्या सकाळी जाग आल्यावर, उठून बसण्याआधी, पुन्हा मनगट धरा. पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसात ६० ते १०० नेहमीचं समजतात, नियमित श्रम करणाऱ्यांत त्याहूनही कमी असतं. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर डॉक्टरांना सांगा. आकडा कागदावर लिहा, शेजारी तारीख घाला आणि कागद जपून ठेवा. तीन महिने चालून झाल्यावर त्याच कागदावर, त्याच्या खाली, दुसरा आकडा लिहायचा आहे.

नमस्कार.