त्या ‘आणि’शी माझं भांडण आहे

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय ‘पेरू : ऐषारामी सांस्कृतिक पर्यटन’. पेरूवरचा विनोद मी करणार नाही. आमच्या सोसायटीत तो दीड वर्ष चालू आहे; अजून लोक मला जिन्यात गाठून ‘तिखटमीठ नेलं होतंत का’ म्हणून विचारतात. ऐषारामाचं म्हणाल, तर ज्याने बांधकाम खात्यातली एकतीस वर्षं डाकबंगल्यांत काढली, त्याला न्हाणीघराची कडी नीट लागली तरी ऐषाराम वाटतो. ही सहल मुलीने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिली. त्यामुळे खर्च किती आला, हे विचारू नका. मलाच सांगितलेला नाही.

माझा आजचा खरा विषय एका शब्दाचा आहे. सहलीच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर होतं : ‘प्राचीन अवशेष आणि वसाहतकालीन शहरं’. त्यातल्या ‘आणि’शी माझं भांडण आहे. का, ते सांगतो. आधी थोडी पार्श्वभूमी.

पेरूची राजधानी लिमा, समुद्रकाठी. तिथून विमानाने सव्वा-दीड तासात कुस्को, स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणाऱ्या इंका लोकांची राजधानी, उंची साधारण ३,४०० मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी शंभर मीटर कमी पडतात. उतरल्यावर बॅग उचलली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. हॉटेल म्हणजे स्पॅनिश काळातली जुनी धार्मिक वास्तू, मधे दगडी चौक, चौकात झाड. कोकाच्या पानांचा चहा हातात दिला. खोलीत प्राणवायू हवा असेल तर वेगळे पैसे. हिने घेतला. मी नाही घेतला. श्वासाचे पैसे द्यायला मन धजेना, मग रात्रभर उशा रचून बसून काढली. सकाळी ही ताजीतवानी आणि माझा चेहरा विसर्जनानंतरच्या मांडवासारखा.

तर भिंत. कुस्कोत आतुन रुमियोक नावाची अरुंद गल्ली आहे. एका बाजूला इंका रोका या राजाच्या वाड्याची भिंत, हिरवट दगडाची. त्यात तो प्रसिद्ध बारा कोनांचा दगड. सगळे त्याच्याशी फोटो काढतात. मी बाजूच्या साध्या दगडांची दरज बघत होतो. दरज कुठे? चुना नाही, माती नाही. दगडावर दगड असा टेकलाय की भाकरीवर भाकरी ठेवलीय. लोखंड त्या लोकांकडे नव्हतं. कठीण दगडाच्या गोट्यांनी दगड ठेचत, घासत, पुन्हा बसवून बघत हे काम केलेलं. माझ्या खिशात सहा इंची पट्टी असते, निवृत्त झालो तरी असते. ती मी सांध्याला लावणार, तोच शिट्टी वाजली. पहारेकरी! हात लावायचा नाही. मी खुणेने सांगितलं, इंजिनिअर, इंजिनिअर. त्याने दुप्पट जोराने शिट्टी वाजवली. ही लांबून म्हणाली, “अहो, इथे तरी बिल पास करू नका.”

त्या गल्लीत आम्हाला किती वेळ मिळाला असेल? अकरा मिनिटं. घड्याळ लावून सांगतो. आणि त्यानंतर अल्पाकाच्या, म्हणजे तिकडच्या एका लोकरीच्या जनावराच्या, शालींच्या दुकानात? पन्नास मिनिटं. दुकानात कॉफी, बसायला गादीच्या खुर्च्या, बोट लावून लोकर ओळखायचा वर्ग. शालीला बोट चालतं, बरं का! मी मार्गदर्शकाला म्हटलं, मला परत भिंतीपाशी सोडा. तो बिचारा म्हणाला, कार्यक्रमात नाही. इतके पैसे भरलेली सहल, तिच्यात सगळं बसतं, उभं राहणं तेवढं बसत नाही.

तुम्ही म्हणाल, भिंतीचं एवढं काय. सांगतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे किल्लारीचा भूकंप. पाहणीसाठी पाठवलेल्यांत मी होतो. तिथली घरंही दगडाचीच होती. दोन-अडीच फूट जाड भिंती, ओबडधोबड दगड, मधे माती. आतला थर आणि बाहेरचा थर बांधून धरणारा आरपार दगड नाही, वर माळवदाचं ओझं. हादरा बसल्यावर दोन थर फाकले आणि सगळं खाली आलं. पुढची कित्येक वर्षं जाड दगडी भिंत दिसली की मी तिच्याखालून पटकन सरकायचो. आणि इथे भूकंपाच्या देशात, चुन्याशिवाय, पाच-सहाशे वर्षं उभी असलेली भिंत! आपल्याकडे हेमाडपंती देवळं आहेत, सिन्नरचं गोंदेश्वर बघा, दगड दगडाच्या वजनावर आणि खाचेवर उभा. ते पाहिलेल्या माणसाला कुस्कोत परकं वाटत नाही. फक्त इथे भिंत वर जाताना आत कललेली असते, दारं खाली रुंद आणि वर अरुंद. ओळंबा सोडला तर आमचा गवंडी म्हणेल, साहेब, भिंत चुकली.

आता कोरिकांचा. इंकांचं सूर्यमंदिर. आतावाल्पा राजाला स्पॅनिश सेनानी पिसारोने १५३२ मध्ये पकडलं, राजाने सुटकेसाठी खोलीभर सोनं देऊ केलं, तेव्हा या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटून नेले. सोनं घेऊनही राजाला मारलाच. मंदिरावर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा ख्रिस्ती मठ चढवला. १६५० च्या भूकंपात मठाची पडझड झाली, पुन्हा बांधला. १९५० मध्ये पुन्हा भूकंप, पुन्हा मठ कोसळला, आणि त्याच्या गिलाव्याआड दडलेल्या इंकांच्या भिंती उघड्या पडल्या. जशाच्या तशा.

(चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे माझा विषय आता सुरू होतोय.)

भरभर सांगतो. ‘अवशेष आणि शहरं’ असं म्हटलं की वाटतं दोन वस्तू आहेत, सकाळी एक, दुपारी दुसरी. तसं नाही. शहराच्या डोक्यावर साक्सायवामान आहे, शंभर टनांहून जड दगडांची तटबंदी. तिथले उचलता येतील तेवढे दगड नेऊन स्पॅनिशांनी खाली कॅथेड्रल आणि घरं बांधली. न उचलणारे राहिले, त्यांना आपण अवशेष म्हणतो. शहर झालं म्हणून अवशेष झाले. आपल्याकडे गढीचा दगड कुणाच्या गोठ्यात सापडतो, तसंच. उलट डोंगरातलं इंकांचं माचू पिचू एवढं शाबूत का? स्पॅनिश तिथे पोचले नाहीत. शेजारी दगड मागणारं शहर उभं राहिलं नाही. १९११ मध्ये हिराम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने जगापुढे आणलं तेव्हा रानाने झाकलेलं होतं, पण दगड जागेवर होता. आणि आम्ही ज्या हॉटेलात झोपलो, तेही त्या ‘आणि’च्या आतच. पाया कुणाचा, वर घर कुणाचं, आणि प्राणवायूचे पैसे आपण देतोय.

म्हणून पैसे असतील तर काय करायचं? एक, विमानातून उतरून कुस्कोत मुक्काम नको. आधी खाली खोऱ्यात, ओयान्तायताम्बोला दोन रात्री काढा. दोन, शालींचं दुकान कार्यक्रमातून लेखी वगळून घ्या, आणि त्या वेळात चांगल्या मार्गदर्शकाबरोबर एकच गल्ली अर्धा दिवस बघा. तीन, माचू पिचूच्या गाडीत संगीत आहे, जेवण आहे, पण दारावर तिकीट ठरावीक वेळेचं आणि ठरावीक वाटेचं. तिथे तुमचा ऐषाराम संपतो, हे मला फार आवडलं. आरेकीपाचं पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं शहर राहिलं. कुस्कोच्या कॅथेड्रलमधल्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात येशूपुढे ताटात गिनीपिग आहे, तेही राहिलं. बटाटा तर राहिलाच. मूळचा तिकडचा, आणि आपण तो एकादशीला सोवळ्यात खातो.

दिवे लावताय का? थांबा, शेवटचा एकच फोटो. वरची पांढरी भिंत आणि बाल्कनी सोडा, खाली बघा. ती काळी रेघ दिसतेय, तिथे चुना संपतो. बाजूला बसलेली बाई आमची नाही. ही शाल बघत होती.