फोन न उचललेल्यांचं काय?

(कोल्हापुरात पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पदवीनंतर आपली मुलं काय करतात, याची नोंद घ्यायला गेल्या पावसाळ्यात मी एका माजी विद्यार्थ्याला फोन लावला. बी.कॉम. होऊन सव्वा वर्ष झालेलं. मागून इचलकरंजीच्या यंत्रमागांचा खडखडाट येत होता. विचारलं, "काय करतोस रे सध्या?" म्हणाला, "काही नाही सर, घरीच आहे." पाच मिनिटं बोलल्यावर कळलं, वडिलांचे आठ माग तोच चालवतो, सूत तोच आणतो, शेजारच्या तिघांची जीएसटीची विवरणपत्रंही तोच भरतो. माझ्यासमोरच्या तक्त्यात मात्र दोनच रकाने होते: नोकरी आणि पुढचं शिक्षण. पोरगा कुठंच बसेना. त्याच्या नावापुढची जागा कोरी राहिली, ते मला अजून बोचतं.

कारण असे तक्तेच पुढं शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत जातात. केंद्र सरकारनं 2015 साली एनआयआरएफ, म्हणजे अशी क्रमवारी लावायची राष्ट्रीय चौकट, आणलं, 2016 ला पहिली यादी आली. महाविद्यालयांच्या यादीत शंभरातले 25 गुण पदवीनंतर मुलांचं काय झालं याच्याशी बांधलेले आहेत. त्यात निकाल आला, नोकरी आली, पुढचं शिक्षण आलं आणि पगाराचा मध्यकही आला. सरासरी नव्हे, मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमानं मांडल्यावर बरोबर मधे येतो तो. पाच जणांचे वार्षिक पगार दोन, अडीच, तीन, साडेतीन आणि चोवीस लाख धरा. सरासरी येते सात लाख, पण सात लाखांच्या आसपास पगार एकालाही नाही. मध्यक तीन लाख, आणि तो खरा वाटतो. जाहिरातीत 'सरासरी पॅकेज' दिसलं, की आधी मध्यक विचारा.

आपल्याकडं ही माहिती संस्था स्वतःच भरते. ब्रिटनमध्येही पूर्वी पदवीनंतर सहा महिन्यांनी विद्यापीठंच आपापल्या मुलांना विचारायची. 2017-18 च्या पदवीधरांपासून ते काम एका मध्यवर्ती यंत्रणेकडं गेलं आणि मुदत पंधरा महिन्यांवर नेली. सहा महिन्यांत पोरगं अजून चाचपडत असतं, म्हणून हा बदल मला मोलाचा वाटतो. तिथं स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यालाही जागा आहे. शिकलेलं कामात वापरता का, हेही विचारतात. या उत्तरांचा वापर तिथली वृत्तपत्रं आपल्या विद्यापीठ-क्रमवारीत करतात.

आता खरी अडचण. शंभर पदवीधर आहेत, चाळीस जणांनी उत्तर दिलं, त्यातले तीस नोकरीत. कुणी लिहील, पंचाहत्तर टक्के. पण उरलेले साठ जण कुठं आहेत? त्यांतल्या एकालाही नोकरी नसेल तर आकडा तीस, सगळ्यांना असेल तर नव्वद. आणि माझा अनुभव असा, की ज्याचं बरं चाललंय तो पहिल्या रिंगला फोन उचलतो. ज्याचं बिनसलंय तो आपला नंबर बघून गप्प बसतो. फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राच्या एमबीए क्रमवारीत किमान 20 टक्के माजी विद्यार्थ्यांनी उत्तर दिल्याशिवाय संस्थेला यादीत घेतच नाहीत. आपल्या प्रत्येक तक्त्याखाली तरी एवढं छापलं पाहिजे: कितींना विचारलं, किती बोलले.

प्राध्यापकांना माझं सांगणं, तिसरा रकाना आखा. शिरोलीच्या फाउंड्रीत वडिलांच्या जागी उभा राहिलेला, गोठा सांभाळून स्पर्धा परीक्षा देणारी, सगळे त्यात लिहा. सरकारी अर्जात जागा नसली, तरी आपल्या वहीत असू द्या.

आणि मुलांनो, पास होऊन वर्ष-सव्वा वर्षानं तुम्हाला एक अनोळखी नंबर येईल. काहीच जमलं नसेल, त्या दिवशीसुद्धा तो उचला.