अठरा हजार चारशे एक वेळा हजर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पैशाविना निवडणूक’. घाबरू नका, तिकडे येणारच आहे. पण ज्या माणसावरून हा विषय सुचला तो मला पैशातून सापडला नाही, हजेरीतून सापडला. म्हणून आधी दहा मिनिटं हजेरीची. अध्यक्ष घड्याळ बघतायत ते मला दिसतंय.

माणसाचं नाव विल्यम नॅचर. अमेरिकेतलं केंटकी राज्य, बोलिंग ग्रीन गाव, जन्म १९०९चा. पेशानं वकील. युद्धात नौदलात जाऊन आला, मग सरकारी वकील झाला. १९५३ साली तिथल्या खासदाराच्या निधनानंतर पोटनिवडणूक लागली, त्यात हा डेमोक्रॅटिक पक्षाकडून निवडून आला. जानेवारी १९५४ मध्ये शपथ घेतली आणि मार्च १९९४ मध्ये गेला तो खासदार असतानाच. चाळीस वर्षं. तिकडे याला काँग्रेसमन म्हणतात. काँग्रेस म्हणजे तिथली संसद. आपली काँग्रेस नव्हे. पहिल्या रांगेत दोघांचे चेहरे उजळले म्हणून सांगितलं.

तर या चाळीस वर्षांत, अगदी शेवटचे काही दिवस सोडले तर, प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिथल्या लोकसभेत, नोंद होणारं एकही मतदान या गृहस्थानं चुकवलं नाही. आकडा आहे अठरा हजार चारशे एक. तिकडच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, प्रॉक्समायर नावाचे एक असेच चिवट होते, त्यांची गाडी दहा हजार दोनशे बावन्नवर थांबली.

यातली प्रत्येक गोष्ट युद्ध-शांततेची नसते बरं का. काल सभागृहात काय झालं त्याचं इतिवृत्त मंजूर आहे का, यावरसुद्धा मतदान मागतात. १९७३ पर्यंत एकेक नाव पुकारायचे, त्यात अर्धा-पाऊण तास जायचा. मग यंत्र आलं. इमारतभर घंटा वाजते, घड्याळापाशी दिवे लागतात आणि पंधरा मिनिटांत येऊन कार्ड सरकवायचं. तुम्ही जेवत असा, कोणाला भेटत असा, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेले असा. घंटा झाली की उठायचं. चाळीस वर्षं!

आता इथे मला माझं मस्टर आठवतं. हिनं बजावून पाठवलंय, मस्टरची गोष्ट सांगू नका. पण ती आज आलेली नाही.

आमचं ऑफिस फोर्टात. कुठलं ते सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. दहा दहाला साहेबांचा शिपाई मस्टर उचलायचा आणि न आलेल्यांच्या चौकटीत लाल शाईची रेघ. तीन लेटमार्कांना एक सीएल गेली. मी डोंबिवलीचा. सात बावन्नची लोकल चुकली की लाल रेघ, इतकं सरळ गणित. तरी सलग अकरा वर्षं माझ्या पानावर लाल रेघ नव्हती. मग आली २६ जुलै २००५. तो पाऊस इथे कोणाला सांगायला नको. गाड्या बंद, फोन बंद. आम्ही सातजण रात्रभर ऑफिसातच. फायलींच्या गठ्ठ्यांवर डोकं टेकलं, कॅन्टीनमधल्या उरलेल्या पावावर रात्र काढली. सकाळी दहाला मी माझ्या टेबलाशी, पायात ओले मोजे. म्हणजे मी काल आलो तो गेलोच नाही. याहून वक्तशीर माणूस कुठून आणायचा? पण मस्टर साहेबांच्या कपाटात, किल्ली साहेबांकडे, आणि साहेब बोरिवलीत. ते आले तिसऱ्या दिवशी. मस्टर उघडलं आणि आधी काय केलं असेल? सत्तावीस तारखेला सातही नावांपुढे लाल रेघ मारली. मी म्हटलं, साहेब, मी रात्रभर इथेच होतो. ते म्हणाले, “असाल हो, पण सही कुठाय?”

हसताय तुम्ही. मी अर्ज केले तीन. तिसऱ्याला उत्तर आलं की सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

पण त्या दिवसापासून मला एक हलकं हलकं वाटायला लागलं, हे खरं. रेघ एकदा पडली की भीती गेली. नॅचरचं मला जे आवडतं ते हेच, की त्यालाही हे कळलं होतं. नव्यानं निवडून आलेल्यांना तो सांगायचा, सुरुवातीलाच एखादं मतदान चुकवून टाका. नाहीतर हे लोढणं जन्मभर गळ्यात. स्वतः मात्र ते काढू शकला नाही. वय चौऱ्याऐंशी, हृदय थकलेलं, बेथेस्डाच्या नौदलाच्या इस्पितळात दाखल. मार्च १९९४च्या सुरुवातीला त्याला रुग्णवाहिकेतून आणून स्ट्रेचरवरून सभागृहात नेलं. हाताला सलाइन लावलेलं, ऑक्सिजन चालू. त्या अवस्थेत त्यानं मत दिलं. पुढच्या काही दिवसांत तेही जमेना. २९ मार्चला गेला.

माझा साहेब हे बघून खूश झाला असता. मला मात्र ते दृश्य आठवलं की...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मूळ विषय.

या माणसानं कोणाकडून निवडणुकीला वर्गणी घेतली नाही. कंपनीकडून नाही, कामगार संघटनेकडून नाही, मित्राकडूनही नाही. जो काही हजार डॉलर खर्च यायचा तो खिशातून. स्वतःची गाडी स्वतः चालवत गावोगावची कोर्टं, दुकानं फिरायचा, हात मिळवायचा. ज्या काळात तिथे एक जागा जिंकायला लाखो डॉलर लागत, त्या काळात. आपल्याकडे सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवा. अकरा वेळा आमदार, आणि प्रवास एसटीनं. तशी जात.

इथवर सगळे टाळ्या वाजवतात. माझा मुद्दा पुढे आहे, आणि तो जरा टोचणारा आहे. नॅचर विनियोजन समितीवर होता, म्हणजे सरकारी तिजोरीच्या दारात. आरोग्य आणि शिक्षणाच्या खर्चाची उपसमिती त्यानं वर्षानुवर्षं चालवली, वैद्यकीय संशोधनाला भरघोस पैसा दिला. आज राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आवारात त्याच्या नावाची इमारत आहे. १९९३ मध्ये अख्ख्या समितीचा अध्यक्ष झाला. हे झालं पुण्य. पण त्याआधी वॉशिंग्टन शहराच्या खर्चाची उपसमिती त्याच्याकडे होती. शहराला मेट्रो हवी होती. हा म्हणाला, आधी पोटोमॅक नदीवर थ्री सिस्टर्सचा पूल आणि महामार्ग, मग मेट्रोचे पैसे. महामार्गांसाठी घरं जाणार होती काळ्या वस्त्यांतली. लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले. यानं पैसे अडवून ठेवले ते ठेवलेच. शेवटी डिसेंबर १९७१ मध्ये सभागृहानंच त्याला डावललं. मेट्रो १९७६ला धावली. पूल आजतागायत नाही.

आता बघा, वॉशिंग्टनच्या लोकांना त्या सभागृहात मत देणारा स्वतःचा प्रतिनिधीच नाही, आजही नाही. त्यांच्या पैशांवर बसलेला माणूस निवडून येतो केंटकीच्या शेतकऱ्यांकडून. तो कोणाचा मिंधा नाही, विकत घेता येत नाही, वेळेवर येतो. मग त्याला हलवणार कसं? मिंधा नसलेला माणूस चांगला, हे आपण गृहीत धरतो. पण तो ज्यांच्यावर सत्ता चालवतो त्यांचं देणंही त्याला नसेल तर... हे मला सविस्तर मांडायचं होतं, त्याची तीन पानं इथे हातात आहेत.

दुसरी चिठ्ठी. चहा गार होतोय म्हणे.

एवढंच सांगतो. त्याच्या मागे मे १९९४ मध्ये पोटनिवडणूक झाली. १२९ वर्षं डेमोक्रॅटिक पक्षाकडे असलेली ती जागा रिपब्लिकन रॉन लुईसनं घेतली. पैसा न घेणाऱ्या माणसामागे पक्षाचं यंत्र म्हणून काही उरलं होतं का, हे तपासायला हवं. आणि केंटकीत ओवेन्सबरोपाशी ओहायो नदीवर २००२ साली एक देखणा केबलचा पूल झाला, त्याला नाव नॅचरचं. वॉशिंग्टनचा नाही, तर गावचा तरी मिळाला.

उरलेली तीन पानं ज्यांना हवीत त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. मी शेवटच्या डोंबिवलीपर्यंत इथेच आहे.